हॉलमधल्या कॉलमला लाकूड लावताय? कुठलं लाकूड हे नंतर, आधी खालचे चार इंच बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात नवीन घर बांधलंय, हॉलच्या मधेच ९ बाय १२ इंचाचे दोन कॉलम आलेत, तिसरा स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून आहे. चंदगडकडच्या आजोबांच्या घराच्या सागवानी तुळया तुम्ही जपून ठेवल्यात, त्या फाडून फळ्या करायच्या आणि तिन्ही कॉलम चारी बाजूंनी गुंडाळायचे असं तुमच्या मनात आहे. मेस्त्री म्हणतोय प्लाय आणि त्यावर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावा, मुलगा म्हणतोय ते रेघारेघांचे तयार लूव्हर पॅनेल लावा, आणि तुम्ही विचारताय की यातलं टिकणारं कुठलं.

मी बेळगावात पंचवीस वर्षांहून जास्त सुतारकामच करतोय, वडिलांचंही तेच काम होतं. एवढ्या वर्षांत कॉलमचं काम बिघडलेलं जिथं जिथं बघितलं तिथं लाकूड हलकं होतं म्हणून बिघडलं असं फार थोड्या ठिकाणी झालंय. बहुतेक ठिकाणी मागची भिंत ओली होती, नाहीतर खालून पाणी चढलं, नाहीतर लाकडाला हलायला जागाच ठेवली नव्हती. म्हणून तुमचा खरा प्रश्न सागवान की प्लाय हा नाहीच बघा. कपाट कसं, भिंतीपासून चार बोटं पुढं ओढता येतंय. कॉलमचं लाकूड मात्र सिमेंटला आणि फरशीला कायमचं चिकटून बसणार, आणि मागं काय चाललंय ते तुम्हाला परत कधी दिसणार नाही.

आता काही गोष्टी घर बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तुम्ही खानापूर गावात आहात की जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, यावर लई फरक पडतो. तिकडं घाटाच्या कडेला पाऊस बेळगावापेक्षा कितीतरी जास्त, घरात चार महिने कपडे वाळत नाहीत, लाकूड तेवढं फुगतंय. तेच अथणी-चिकोडीकडं कोरडी हवा आणि काळी जमीन, तिथं लाकडापेक्षा घरालाच तडे जायची भीती जास्त. तुमच्याकडं लाल माती, म्हणजे वाळवी आलीच. प्लास्टर होऊन किती महिने झाले तेही तुम्ही लिहिलेलं नाही.

तर पहिलं काम, खर्च काही नाही. एक फूट बाय एक फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, कॉलमला खालच्या बाजूला, फरशीपासून वीतभर वर, चारी कडांनी चिकटपट्टी मारून हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर आतून दव साचलेलं दिसलं किंवा तेवढ्या जागेचं प्लास्टर गडद झालेलं दिसलं तर अजून ओल आहे, थांबा. नवीन प्लास्टरला पाणी मारणं बंद केल्यावर मी निदान दोन महिने जाऊ देतो, आणि मधे पावसाळा आला तर तो धरतच नाही. ओट्याजवळच्या कॉलमला ही टेस्ट दोन ठिकाणी करा, कारण तिथं सिंकच्या पाइपची ओल असू शकते.

दुसरं, कॉलमला उभी चीर आहे का बघा. प्लास्टरच्या बारीक केसासारख्या जाळीदार चिरा असतात त्याचं काही नाही. पण सळीच्या रेषेत खालून वर गेलेली सरळ चीर असेल, किंवा तिथं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, गंजाचा तांबूस डाग असेल, तर लाकूड लावायचं नाही, आधी इंजिनियरला बोलवायचं. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण असलं दुखणं झाकायला म्हणून कॉलम गुंडाळून घेणारी माणसं मी बघितलीत. आत सळी गंजत राहते आणि बाहेरून पॉलिश चमकत असतंय.

आता लाकूड हलतं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतंय. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी हिशोब असा की बारा इंच रुंद फळीतला ओलावा पावसाळा ते उन्हाळा नुसता चार टक्क्यांनी बदलला तरी फळी दोन-सव्वादोन मिलिमीटर कमी-जास्त होते. ऐकायला थोडं वाटतंय. मी नवीन होतो तेव्हा एका घरात ऑगस्ट महिन्यात असाच कॉलम केला, चांगलं सागवान, चारी बाजूला अखंड फळ्या, कोपरे ४५ अंशात कापून फेव्हिकॉल लावून घट्ट बसवले, केस जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. घरमालक खूश. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, जाऊन बघितलं तर चारी कोपरे वरपासून खालपर्यंत उघडलेले, एक रुपयाचं नाणं फटीत उभं जात होतं. एका फळीला तर मधोमध चीर, कारण दोन्ही कडा मी स्क्रूनं आवळून ठेवलेल्या, तिला आकसायला जागाच नव्हती, मग ती फाटली. लाकूड खोटं नव्हतं, चूक माझी होती. ते सगळं उतरवून मी परत करून दिलं आणि त्यानंतर रुंद अखंड फळीनं कॉलम गुंडाळायचा मी बंद केला.

म्हणून तुमच्या तुळयांचं मी असं करीन. त्यातून रुंद फळ्या काढू नका. कोपरे काढा. दोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा पट्ट्या, दोन-दोन जोडून एल आकाराचा कोपरा, तो खालपासून वरपर्यंत. आणि चार कोपऱ्यांच्या मधे सपाट भागाला प्लाय आणि त्यावर सागवानी व्हिनियर. दोन इंचाची पट्टी वर्षभरात अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नाही, आणि प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळं प्लाय तर जवळपास हलतच नाही. कोपरा हीच जागा अशी की तिथं खुर्ची आपटते, पोरांची सायकल लागते, झाडू लागतो. व्हिनियरची कड तिथं आली की एका वर्षात कपची निघते. सागवानी कोपऱ्याला खड्डा पडला तर रंधा-पॉलिश मारून परत नवा करता येतोय. म्हणजे तुमचा मेस्त्री बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात, दोघांचं एकत्र करायचं एवढंच.

यात तुळयाही वाचतात. हिशोब बघा. पाऊण इंची फळ्यांनी चारी बाजू गुंडाळायच्या तर एका दहा फुटी कॉलमला तयार माल तीन घनफूट लागतोय, फाडताना आणि रंध्याला जाणारं धरलं तर चार-साडेचार. हॉलमधल्या दोन कॉलमला आठ-नऊ घनफूट झालं, तिसऱ्याचं पुढं सांगतो. कोपऱ्यांपुरतं लाकूड वापरलं तर दोन्ही कॉलम मिळून सगळी घट धरूनही अडीच घनफुटात बसतंय, म्हणजे ६ बाय ६ ची दहा फुटी एक तुळई. बाकीच्या तुळयांचा झोपाळा करा, देवघर करा.

आता प्लाय. शीटवर सरकारी मानकाचा नंबर असतो. आयएस ३०३ लिहिलेलं असतंय ते साधं घरातलं, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात टिकणारं. तुमच्या भागात कॉलमसाठी मी ७१० च घ्या म्हणीन, १२ एमएम. दोन कॉलमला शीट लागणार तीन, त्यात फरकाचे पैसे फार होत नाहीत. शिक्का बघा, बिल घ्या, आणि शीटच्या कडेला चारी बाजूंनी डोळा लावून बघा, थरांमधे पोकळी दिसली की परत पाठवा.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, कॉलमला नको. रंगाला गुळगुळीत येतंय, मशीनवर नक्षी छान निघते, वरच्या पट्टीला वगैरे वापरा हवं तर. पण खालून पाणी प्यायलं की ते फुगतंय आणि फुगलेलं परत बसत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर निपाणीच्या बाजूला वेदगंगेकाठच्या एका घरात मी गेलो होतो, चार दिवस पाणी आत होतं. सागवानी चौकटी धुऊन वाळवल्यावर पहिल्यासारख्या झाल्या, मरीन प्लायचं कपाट थोडंफार सुटलं पण उभं होतं, आणि एमडीएफनं गुंडाळलेले कॉलम खालून दोन फूट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे, बोट दाबलं तर आत जात होतं. पूर सोडा, रोज फरशी पुसताना ओलं फडकं कॉलमच्या बुडाला लागतंयच की. वर्षात तीनशे वेळा तरी लागतंय. एचडीएचएमआर नावाचा त्यातलाच जास्त घट्ट दाबलेला बोर्ड येतो, तो ओल एमडीएफपेक्षा बरीच सोसतो, तरी कापलेली कड उघडी राहिली तर त्याचीही खात्री मी देणार नाही.

मुलगा म्हणतोय ते लूव्हर पॅनेल, त्याला मी नावं ठेवणार नाही. वाळवी लागत नाही, एका दिवसात दोन कॉलम होतात, पॉलिशचा वास नाही, भाड्याच्या घराला किंवा ऑफिसला मी स्वतः लावून देतो. पण ते प्लॅस्टिकच आहे, घासलं की वरचा छाप जातो आणि पॉलिश मारून परत आणता येत नाही, पाच-सात वर्षांनी तोच डिझाइन बाजारात मिळत नाही. आणि ओट्याजवळच्या कॉलमला तर मुळीच नको, शेगडीच्या आसपास नको.

त्या तिसऱ्या कॉलमचं इथंच सांगून टाकतो. त्याला लाकूडही नको. फोडणीची वाफ, तेलाचा थर, सिंकचं पाणी, जवळ गॅस. ओट्याचा ग्रॅनाइट आहे तोच वरपर्यंत न्या किंवा टाइल लावा. तिन्ही कॉलम सारखे दिसले पाहिजेत असं काही नाही, हॉलमधले दोन लाकडी आणि स्वयंपाकघराचा दगडी, उलट चांगलं दिसतंय.

लाकडाच्या डेपोत गेलात तर आणखी नावं ऐकायला मिळतील. मत्ती म्हणजे आपला ऐन, होन्ने म्हणजे बिबळा, नंदी म्हणजे नाणा. सगळी मजबूत लाकडं, पण ऐन वाळताना चिरा टाकतो आणि वाकतो, कॉलमच्या कोपऱ्याला मी घेत नाही. बिबळा देखणा आहे, फक्त ओला झाला तर पिवळट-तांबूस रंग सोडतो, पांढऱ्या भिंतीवर आणि फरशीवर डाग येतात, त्यामुळं आधी नीट सील करावा लागतो. आंबा स्वस्त पडतो पण त्यात भुंगा लागतो. शिसव मिळालाच तर दारासाठी ठेवा. तुमच्याकडं जुनं सागवान असताना या कशाच्या मागं लागायची गरज नाही, आणि आफ्रिकेतलं घाना सागवान म्हणून जे मिळतं त्यापेक्षा जुन्या घरातलं वाळलेलं सागवान कधीही वरचढ. फक्त सागवानाचा पांढरा भाग, सालीकडचा, तो जुना असला तरी काढून टाका. वाळवी आणि भुंगा आधी तिथंच शिरतात, गाभ्याला सहसा हात लावत नाहीत.

आता ते खालचे चार इंच. आपल्या जुन्या वाड्यात लाकडी खांब कधी जमिनीवर टेकवलेला बघितलाय का? खाली दगडी तळखडा असायचा, खांब त्याच्यावर. शेणानं सारवायची जमीन, रोज ओली, तरी शंभर-शंभर वर्षं खांबाचं बूड कुजलं नाही ते त्या दगडामुळं. आपण तेच करायचं. कॉलमला खाली चारी बाजूंनी चार इंच उंच ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची पट्टी लावायची, मागं सिमेंटचा माल भरून, पोकळ न ठेवता. इलकलचा तांबडा ग्रॅनाइट सागवानाखाली फार शोभतो, घरात दुसरा रंग असेल तर तोच घ्या. लाकूड त्या दगडाच्या वर सुरू होणार, आणि दगड-लाकडाच्या मधे पाच-सहा एमएमची फट ठेवून त्यात सिलिकॉन. यानं फडक्याचं पाणी दगडाला लागतंय, लाकडाला नाही. दुसरा फायदा वाळवीचा. वाळवी मातीची नळी करून वर चढते, दगडाच्या तोंडावरून चढली तर झाडताना तुम्हाला दिसणार. लाकूड फरशीपर्यंत असलं तर ती मागच्या मागं वर जाते आणि कळतंय तेव्हा आत नुसती माती राहिलेली असते. दगड लावायच्या आधी कॉलमच्या बुडाशी फरशीच्या सांध्यात वाळवीचं औषध माणूस बोलवून मारून घ्या, नंतर ती जागा मिळत नाही.

प्लायची खालची कापलेली कड ही पाणी आत शिरायची सगळ्यात मोठी वाट. तिथं पॉलिशचा सीलर दोन हात, वाळल्यावर तिसरा. आणि प्लायच्या मागच्या बाजूलाही एक हात. हे दिसत नाही म्हणून कारागीर सोडून देतात, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या.

फ्रेमिंगला, म्हणजे प्लायच्या मागं कॉलमवर जो सांगाडा मारतात त्याला, पाइनच्या रिपा वापरू नका, १८ एमएम मरीन प्लायच्या दोन इंची पट्ट्या मारा. लावायच्या आधी ओळंबा सोडा. आपल्याकडं दहा फुटात कॉलम अर्धा इंच कलणं नेहमीचं आहे, आणि चारी बाजूंना वेगवेगळं असतंय, त्यामुळं जिथं कॉलम सगळ्यात बाहेर आलाय तो बिंदू शोधून बाकी सगळीकडं पट्टीमागं पॅकिंग द्यायचं. नुसत्या खालच्या मापावर माल कापला तर वर गेल्यावर अडतोय. भोक पाडताना प्लास्टर धरून चाळीस एमएमच्या आत रहा. कॉलमच्या सळीवर काँक्रीटचं कव्हर चाळीस एमएम असायला पाहिजे, पण सगळ्या साइटवर ते तेवढं सापडत नाही. सळी लागली तर भोक सोडून दोन इंच बाजूला घ्या. आणि वायर लपवायला कॉलमला छिन्नी लावू द्यायची नाही, कुणी कितीही सांगू दे. प्लायच्या मागं १८ एमएमची पोकळी मिळतेच, वायरचा बारीक पाइप त्यातून जातोय.

सगळं मिळून ९ बाय १२ चा कॉलम प्लास्टर, फ्रेम, प्लाय, व्हिनियर धरून शेवटी १३ बाय १६ इंचाचा होतो. हे आधी फरशीवर खडूनं आखून बघा, सोफा आणि जायची वाट बसते का. बसत नसेल तर फ्रेमिंग १२ एमएमचं करता येईल, अर्ध्या इंचाचा फरक पडेल.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीला आत्ताच विचारा, सांधा कुठं येणार? शीट आठ फुटी, तुमचा स्लॅब दहा फुटांवर. दगड सोडून नऊ फूट आठ इंच झाकायचं आहे. मधेच कुठंतरी सांधा आला तर तो आयुष्यभर डोळ्यात खुपणार. मी दगडापासून आठ फुटांवर सागवानाची अडीच इंची आडवी पट्टी फिरवतो, सांधा तिच्याखाली जातो, वरचा राहिलेला तुकडा वेगळा पट्टा दिसतो, जुन्या खांबाच्या माथ्यासारखा. कोपऱ्याच्या पट्ट्या दोन-दोन इंच धरल्या की मधले चार भाग ९, १२, ९, १२ म्हणजे ४२ इंच होतात, ४८ इंच रुंद शीटमधून एका कॉलमचे चारी भाग निघतात, आणि तिसऱ्या शीटमधून दोन्ही कॉलमचे वरचे तुकडे. व्हिनियरही तीनच, एकाच बंडलमधले, ओळीनं आलेले घ्या आणि मागं पेन्सिलनं नंबर टाका, नाहीतर एक बाजू पिवळी आणि एक तपकिरी होते.

कोपऱ्याची पट्टी पॅनेलपेक्षा दोन-तीन एमएम पुढं राहू द्या, सपाट करायला जाऊ नका. त्या बारीक सावलीत थोडी हालचाल लपून जाते. पट्टी स्क्रूनं फ्रेमला धरायची, पॅनेलला फेव्हिकॉलनं चिकटवायची नाही.

काम कधी करायचं म्हणाल तर दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबर. लाकूड तेव्हा पावसाळ्याएवढं फुगलेलं नसतंय आणि एप्रिलएवढं आकसलेलंही नसतंय. फाडलेल्या पट्ट्या मधे काड्या घालून त्याच हॉलमध्ये दोन-तीन आठवडे रचून ठेवा, मगच रंधा.

तुळया चंदगडहून आणणार असाल तर उचलायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन पासचं विचारा, सागवान आहे आणि शिनोळीला राज्याची हद्द ओलांडायची आहे, जुन्या घरातलं आहे हे तोंडी सांगून भागत नाही. आणि करवतीवर न्यायच्या आधी एक मोठं लोहचुंबक घेऊन प्रत्येक तुळई चारी बाजूंनी तपासा. जुन्या तुळईत मोडलेले खिळे आत बसलेले असतात, पातं गेलं तर करवतवाला पुढची तुळई घेणार नाही.

तुम्ही लिहिलंय की एका तुळईला पाळण्याची कडी अजून आहे. ती तुळई कोपऱ्याला फाडू नका. कडी आहे तेवढा हातभर भाग वेगळा कापून घ्या, आठ फुटांवरची जी आडवी पट्टी सांगितली तिच्या वर, हॉलच्या दारातून समोर दिसेल त्या बाजूला तो पाऊण इंच जाडीत बसवा, कडी मागून नटानं आवळून. लोखंडामुळं कडीभोवती सागवान काळं पडलेलं असेल. पॉलिशवाला ते घासून काढायला बघेल, त्याला आधीच सांगून ठेवा की तेवढं तसंच राहू दे.